कॅमेऱ्यापासून दूर ठेवलेला फ्लॅश: पॉवर आणि एक्स्पोजर कसे सांभाळावे

कॅमेऱ्यावरचा फ्लॅश उतरवून स्टँडवर लावला, ट्रिगर (कॅमेऱ्याच्या इशाऱ्यावर दूरचा फ्लॅश उडवणारे उपकरण) जोडला आणि पहिला फोटो काढला की नवशिक्याच्या हाती बहुधा दोहोंपैकी एक गोष्ट येते: चेहरा पांढराफटक जळलेला असतो, किंवा सगळी फ्रेम काळोखात बुडालेली असते. मग घाईघाईने फ्लॅशची पॉवर बदलली जाते, तिच्याबरोबर शटरही बदलले जाते, आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाशाबद्दलची संवेदनशीलता) चढवला जातो, आणि पाचव्या-सहाव्या प्रयत्नाला फोटो बरा आला तरी तो नेमका कशामुळे बरा आला हे उमगत नाही. जागा बदलली की तीच धडपड पहिल्यापासून सुरू होते. ही धडपड टाळण्याचा एक ठरलेला क्रम आहे आणि तो पुढे दिला आहे. एक साधा स्पीडलाइट (सेलवर चालणारा छोटा फ्लॅश), एक स्टँड, रेडिओ ट्रिगर आणि प्रकाश आरपार जाऊ देणारी पांढरी छत्री एवढ्या सामग्रीवर तो पूर्ण शिकता येतो.

## एका फोटोत दोन एक्स्पोजर

फ्लॅश वापरून काढलेल्या प्रत्येक फोटोत दोन प्रकाश एकत्र नोंदले जातात, आणि प्रत्येकाचे एक्स्पोजर, म्हणजे सेन्सरवर साठलेला प्रकाश, वेगळे असते. त्यांतला एक त्या जागी आधीपासून असतो, मग तो खिडकीचा असो, दिव्यांचा असो की उन्हाचा. त्याला आपण सभोवतालचा प्रकाश म्हणू. दुसरा अर्थातच फ्लॅशचा. सभोवतालचा प्रकाश सतत येत असतो, त्यामुळे शटर जितका वेळ उघडे राहील तितका तो सेन्सरवर साठत जातो. फ्लॅशचा प्रकाश मात्र क्षणार्धात येऊन संपतो. शटर १/२०० सेकंद उघडे असो किंवा १/१५ सेकंद, ती झळक त्या अवधीत मावते आणि दोन्ही वेळा सेन्सरला फ्लॅशचा प्रकाश तितकाच मिळतो.

यातून पुढची सगळी विभागणी निघते. शटरचा वेग फक्त सभोवतालच्या प्रकाशावर परिणाम करतो. फ्लॅशची पॉवर आणि फ्लॅशचे विषयापासूनचे अंतर यांचा परिणाम फक्त फ्लॅशच्या प्रकाशावर होतो. ॲपर्चर (लेन्समधल्या छिद्राचा आकार; एफ/ नंतरचा आकडा जितका मोठा तितके छिद्र लहान) आणि आयएसओ मात्र दोन्ही प्रकाशांना एकदमच कमी-जास्त करतात. ही विभागणी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावी, कारण फ्लॅशच्या फोटोत काही बिघडले की पहिला प्रश्न हाच विचारायचा असतो: बिघडले ते सभोवतालच्या प्रकाशाचे की फ्लॅशच्या? मागची भिंत फार काळी आली असेल आणि चेहरा नीट असेल, तर पॉवरला हात लावण्याचे कारण नाही. शटर मंद करावे. भिंत नीट आणि चेहरा जळलेला असेल, तर शटर बदलून काहीही साधणार नाही.

मोजमापाचे एकक सगळीकडे एकच आहे, ते म्हणजे स्टॉप. एक स्टॉप वाढवणे म्हणजे प्रकाश दुप्पट करणे आणि एक स्टॉप उतरवणे म्हणजे तो निम्मा करणे. शटर १/१०० वरून १/२०० केले, ॲपर्चर एफ/४ वरून एफ/५.६ केले, आयएसओ ४०० वरून २०० केला किंवा फ्लॅश १/४ पॉवरवरून १/८ वर आणला, तर प्रत्येक वेळी एकच स्टॉप कमी होतो. चार वेगवेगळ्या बटणांची भाषा एकच असल्यामुळे एका ठिकाणी घेतलेले दुसऱ्या ठिकाणी परत देता येते.

## सुरुवातीची मांडणी

कॅमेरा मॅन्युअल मोडवर ठेवावा. ऑटो आयएसओ आठवणीने बंद करावा, कारण तो चालू राहिला तर दर फोटोला कॅमेरा आपल्या नकळत आकडा बदलतो आणि कोणत्याच निरीक्षणाला अर्थ राहत नाही. व्हाइट बॅलन्स (प्रकाशाच्या रंगछटेची जुळवणी) ऑटोवर न ठेवता फ्लॅशच्या किंवा दिवसाच्या उजेडाच्या खुणेवर ठेवावा. मिररलेस कॅमेऱ्यात एक सेटिंग असे असते की फोटो काढण्यापूर्वीच एक्स्पोजरचा परिणाम पडद्यावर दिसतो. फ्लॅशच्या कामात ते बंद करावे लागते. नाहीतर अंधाऱ्या खोलीत पडदा काळा दिसतो आणि चौकट जुळवणेही अवघड होते. सायलेंट म्हणजे इलेक्ट्रॉनिक शटर चालू असल्यास बहुतेक कॅमेरे फ्लॅश उडवतच नाहीत, म्हणून यांत्रिक शटर निवडावे.

शटरला एक मर्यादा पाळावी लागते, तिला सिंक स्पीड म्हणतात. बऱ्याच कॅमेऱ्यांत ती १/२०० किंवा १/२५० सेकंद असते. फोकल प्लेन शटरला दोन पडदे असतात: पहिला सरकून सेन्सर उघडतो आणि दुसरा मागून येऊन तो झाकतो. सिंक स्पीडपर्यंत असा एक क्षण मिळतो की त्या वेळी संपूर्ण सेन्सर उघडा असतो, आणि फ्लॅश त्याच क्षणी उडतो. त्याहून वेगवान शटर निवडले की पहिला पडदा टोकाला पोहोचण्याआधीच दुसरा निघालेला असतो, सेन्सरवरून केवळ एक फट सरकत जाते, आणि फोटोच्या कडेला काळा पट्टा उमटतो. काही ट्रिगरमुळे फ्लॅश किंचित उशिरा उडतो, म्हणून पट्टा दिसू लागल्यास १/१६० वर यावे. नवशिक्याने सरावासाठी १/१६० किंवा १/२०० हाच आकडा पक्का धरावा.

फ्लॅशही मॅन्युअलवर घ्यावा. स्टँडचे पाय पूर्ण उघडावेत आणि छत्री लावल्यावर त्यावर वजन ठेवावे. घराबाहेर छत्री वारा धरते आणि स्टँड फ्लॅशसकट आडवा होतो.

## पहिला सराव, सावकाश

संध्याकाळी, साधे दिवे लागलेल्या खोलीत एका व्यक्तीला खुर्चीवर बसवावे. मागची भिंत खुर्चीपासून दोन मीटर तरी लांब असावी. आयएसओ २००, ॲपर्चर एफ/५.६ आणि शटर १/२०० असे आकडे लावून, फ्लॅश बंद ठेवूनच एक फोटो काढावा. तो जवळजवळ काळा येईल, आणि तसाच यायला हवा. घरातल्या साध्या दिव्यांचा प्रकाश या आकड्यांना पाच-सहा स्टॉप कमी पडतो. या काळ्या फोटोचा अर्थ असा की आता या फ्रेममध्ये जे काही दिसेल ते केवळ फ्लॅशमुळे दिसेल.

आता फ्लॅश चालू करावा. छत्री व्यक्तीच्या एका बाजूला, साधारण ४५ अंशांच्या कोनात, डोळ्यांच्या पातळीपेक्षा थोडी वर आणि चेहऱ्यापासून दीड मीटरवर आणावी. पॉवर १/१६ ठेवावी आणि फोटो काढावा. बहुतेक स्पीडलाइटमध्ये चेहरा दिसेल, पण एखादा स्टॉप कमी वाटेल; मग पॉवर १/८ करून पुन्हा पाहावे. इथे कॅमेऱ्याच्या कोणत्याही आकड्याला हात लावू नये. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, ही शिस्त पहिल्या काही आठवड्यांत कंटाळवाणी वाटते. पण त्याच शिस्तीमुळे १/८ आणि १/१६ मधला फरक डोळ्यात बसतो आणि पुढे अंदाज बांधता येतो.

फोटो तपासताना पडद्याच्या उजळपणावर विसंबू नये. अंधाऱ्या खोलीत कॅमेऱ्याचा पडदा नेहमीच जास्त उजळ भासतो आणि कमी एक्स्पोजरचा फोटोसुद्धा छान वाटतो. हिस्टोग्राम, म्हणजे डावीकडे गडद आणि उजवीकडे उजळ भाग दाखवणारा आलेख, उघडावा आणि जळलेले भाग लुकलुकून दाखवणारी सूचना चालू ठेवावी. कपाळ, नाकाचा शेंडा आणि गालाचे उंच हाड या तीन जागा सर्वांत आधी जळतात, म्हणून फोटो मोठा करून नजर तिथेच न्यावी. त्वचेचा पोत दिसत असेल आणि त्या जागी काही लुकलुकत नसेल, तर फ्लॅशचे एक्स्पोजर ठीक आहे. पार्श्वभूमी गडद असेल तर हिस्टोग्रामचा बराचसा ढीग डावीकडे जमतो. त्यात चूक काही नाही, कारण फ्रेमचा तेवढा भाग खरोखरच काळा आहे. पाहायचे ते उजवीकडचे टोक.

चेहरा जमला की खोली आणायची. पॉवर, ॲपर्चर, आयएसओ तसेच ठेवून शटर १/१००, १/५०, १/२५ आणि १/१५ असे टप्प्याटप्प्याने मंद करावे. चेहरा जवळजवळ तसाच राहतो आणि मागची भिंत, दिवा, कपाटाची कड एकेक करून अंधारातून वर येतात. चार फोटो शेजारी शेजारी ठेवून पाहिले की दोन एक्स्पोजरची गोष्ट जितकी स्पष्ट होते तितकी ती वाचून कधीच होत नाही, आणि म्हणून हा सराव मी प्रत्येकाला आवर्जून करायला लावतो.

या टप्प्यावर दोन बारकावे समोर येतात. पहिला बेरजेचा. सभोवतालचा प्रकाश भिंतीवर पडतो तसा चेहऱ्यावरही पडतो, आणि तो फ्लॅशमध्ये मिळतो. तो फ्लॅशपेक्षा दोन स्टॉप कमी असेल, तर चेहरा सुमारे एक तृतीयांश स्टॉपने उजळतो; दोन्ही सारखेच असतील, तर पूर्ण एका स्टॉपने. त्यामुळे शटर मंद केल्यावर पॉवर थोडी उतरवावी लागते. दुसरा बारकावा हालचालीचा. १/१५ सेकंदात व्यक्ती हलली तर फ्लॅशने टिपलेल्या स्पष्ट चेहऱ्याभोवती सभोवतालच्या प्रकाशातली पुसट आकृती उमटते. व्यक्तीला स्थिर बसवावे आणि कॅमेरा तिपाईवर ठेवावा. ते जमत नसेल, तर शटर थोडे वेगवान करून तेवढा आयएसओ वाढवावा आणि त्याच प्रमाणात फ्लॅशची पॉवर उतरवावी.

खोलीतला पिवळट प्रकाश आणि फ्लॅशचा पांढरा प्रकाश एका फ्रेममध्ये आले की रंगांचा मेळ बसत नाही. अशा वेळी फ्लॅशवर नारिंगी जेल (रंगीत पारदर्शक पट्टी) लावावे आणि व्हाइट बॅलन्स बल्बच्या खुणेवर घ्यावा. पूर्ण नारिंगी जेल सुमारे दोन तृतीयांश स्टॉप प्रकाश खाते, तेवढी पॉवर वाढवून घ्यावी.

## पॉवरच्या अपूर्णांकांमागे काय आहे

फ्लॅशवर १/१, १/२, १/४, १/८ असे करत १/६४ किंवा १/१२८ पर्यंत आकडे असतात. लागोपाठच्या दोन आकड्यांत एका स्टॉपचे अंतर असते, म्हणजे १/१ ते १/१२८ हा प्रवास सात स्टॉपचा आहे. मधल्या पायऱ्या एक तृतीयांश स्टॉपच्या असतात आणि त्या आकड्यापुढे ०.३, ०.७ अशा दिसतात.

पॉवर कमी केली की दिवा मंद जळतो, असा समज सहज होतो. स्पीडलाइटमध्ये प्रत्यक्षात तसे घडत नाही. आतल्या कपॅसिटरमध्ये काहीशे व्होल्टची विद्युतशक्ती साठवलेली असते आणि ती झेनॉन वायूच्या नळीतून एकदम सोडली जाते. कमी पॉवरवर हा प्रवाह मध्येच तोडला जातो. म्हणजे १/६४ पॉवर ही मुख्यतः छोट्या अवधीची झळक असते. पूर्ण पॉवरची झळक साधारण १/३०० ते १/१००० सेकंद टिकते, तर सर्वांत खालच्या पॉवरवर ती १/१०,००० सेकंदाहूनही लहान होते. पाण्याचे उडणारे थेंब गोठवायचे असतील तर पॉवर कमी ठेवून फ्लॅश जवळ आणावा, असे सांगतात त्याचे कारण हेच. मोठ्या स्टुडिओ लाइटची रचना निरनिराळी असते. त्यांतल्या काहींमध्ये कपॅसिटरचे व्होल्टेजच कमी केले जाते आणि पॉवर उतरवली की झळक उलट लांबते, म्हणून हा नियम तिथे डोळे झाकून लावू नये.

रोजच्या कामात कमी पॉवरचा दुसराही लाभ आहे. पूर्ण पॉवरवर उडाल्यानंतर पुन्हा भरायला स्पीडलाइटला दोन-तीन सेकंद लागतात, सेल उतरत आले की त्याहून जास्त. १/१६ वर तो जवळपास लगेच तयार होतो, तापत नाही आणि सेलही पुरतात. त्यामुळे शक्य तिथे आयएसओ १०० चा हट्ट सोडून ४०० वर यावे, म्हणजे दोन स्टॉपची पॉवर वाचते. आजच्या कॅमेऱ्यांत आयएसओ ४०० ने फोटो बिघडत नाही.

कपॅसिटरमधला हा साठा फ्लॅश बंद केल्यावरही काही काळ टिकतो आणि त्याचा झटका जीवघेणा ठरू शकतो, म्हणून बिघडलेला फ्लॅश घरी उघडू नये. काही फार जुन्या फ्लॅशच्या संपर्कबिंदूंवर दोनशे व्होल्टहून जास्त व्होल्टेज असते. असा फ्लॅश थेट नव्या कॅमेऱ्यावर चढवला तर कॅमेऱ्यातले सर्किट जळू शकते.

## अंतर

पॉवरचे बटण सर्वांना दिसते, अंतराचे बटण दिसत नाही, आणि माझ्या मते दोहोंपैकी अंतर हेच अधिक ताकदीचे आहे. प्रकाश अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात घटतो. फ्लॅश एक मीटरवरून दोन मीटरवर नेला की विषयावरचा प्रकाश निम्मा होत नाही, तो एक चतुर्थांश होतो, म्हणजे दोन स्टॉप पडतात. एका स्टॉपसाठी अंतर १.४ पट करावे लागते. त्यामुळे ॲपर्चरचे जे आकडे पाठ असतात तेच अंतरासाठी चालतात: १, १.४, २, २.८, ४, ५.६ मीटर, प्रत्येक टप्प्याला एक स्टॉप. मी स्टँडला एक सुतळी बांधून ठेवतो आणि तिला १, १.४, २ आणि २.८ मीटरवर गाठी मारलेल्या आहेत. सुतळी हनुवटीपर्यंत ताणली, गाठ पाहिली की पॉवर किती बदलायची ते कॅलक्युलेटरशिवाय कळते. हे माप छत्रीच्या कापडापासून घ्यावे. स्टँडच्या बुंध्यापासून घेतलेले माप फसवते.

अंतराचा उपयोग एवढ्यावर थांबत नाही. फ्लॅश चेहऱ्यापासून एक मीटरवर आणि मागची भिंत फ्लॅशपासून तीन मीटरवर असेल, तर भिंतीवर पोहोचणारा प्रकाश चेहऱ्यावरच्या प्रकाशाच्या एक नवमांश असतो, म्हणजे तीन स्टॉपहून थोडा अधिक कमी. पांढरी भिंतही गडद राखाडी दिसते. तोच फ्लॅश मागे घेऊन चेहऱ्यापासून तीन मीटर आणि भिंतीपासून पाच मीटर असा ठेवला, तर फरक जेमतेम दीड स्टॉपचा उरतो आणि भिंत उजळते. पार्श्वभूमी काळी करण्यासाठी फ्लॅश जवळ आणून पॉवर उतरवावी, उजळवण्यासाठी फ्लॅश लांब नेऊन पॉवर वाढवावी. चेहऱ्याचे एक्स्पोजर दोन्ही वेळा सारखेच ठेवता येते.

गटाचा फोटो घेताना याच नियमाने अडचण होते. फ्लॅश पहिल्या माणसापासून एक मीटर आणि शेवटच्यापासून दोन मीटर असेल, तर शेवटचा माणूस दोन स्टॉप काळा येतो. तो चार आणि पाच मीटर असा ठेवला, तर फरक दोन तृतीयांश स्टॉपच्याही खाली येतो. मात्र एक मीटरवरून चारवर जाण्याची किंमत चार स्टॉपची आहे, म्हणजे जिथे १/१६ पुरत होते तिथे पूर्ण पॉवर लागते.

जवळच्या फ्लॅशचा त्रासही असतो. छत्री एक मीटरवर असताना व्यक्ती बोलता बोलता वीस सेंटिमीटर पुढे झुकली, तर चेहरा सुमारे दोन तृतीयांश स्टॉपने उजळतो आणि कपाळ जळते. तीन मीटरवर तेवढ्याच हालचालीने फरक कसाबसा एक पंचमांश स्टॉपचा पडतो. लहान मुले किंवा सतत हलणारी माणसे समोर असतील, तर फ्लॅश थोडा लांबच बरा. लांब गेलेली छत्री विषयाच्या नजरेतून लहान होते आणि सावल्यांच्या कडा टोकदार होतात, हे मात्र गृहीत धरावे लागते.

## गाइड नंबर

फ्लॅशच्या पुस्तिकेत गाइड नंबर दिलेला असतो. आयएसओ १०० आणि पूर्ण पॉवर असताना ॲपर्चर गुणिले अंतर म्हणजे हा नंबर. तो मीटरमध्ये ३६ असेल, तर एफ/८ ला ३६ भागिले ८ म्हणजे साडेचार मीटरवरच्या विषयाला बरोबर प्रकाश मिळतो. पॉवर एक चतुर्थांश केली की नंबर निम्मा होतो: १/४ ला १८, १/१६ ला ९. आयएसओ चौपट केला की तो दुप्पट होतो. उत्पादक बरेचदा फ्लॅशचे झूम (प्रकाशाचा झोत अरुंद किंवा रुंद करणारी सोय) सर्वांत लांब असतानाचा आकडा छापतात, म्हणून ६० हा आकडा वाचून हुरळून जाऊ नये. ३५ मिलिमीटर झूमवर तोच फ्लॅश पुष्कळ कमी भरतो. छत्री किंवा सॉफ्टबॉक्स (प्रकाश पसरवणारी कापडी पेटी) लावला की आणखी एक ते दोन स्टॉप जातात. नंबर फक्त पहिल्या फोटोचा अंदाज बांधण्यापुरता वापरावा.

झूमवरून एक प्रसंग आठवतो. एका समारंभात छत्रीतून घेतलेले पहिले वीस-पंचवीस फोटो मला सारखे खटकत होते. पॉवर नेहमीपेक्षा एक स्टॉप खालीच पुरत होती आणि तरी सावल्या कडक येत होत्या. छत्रीकडे तिच्या समोर उभे राहून पाहिले तेव्हा कळले की फ्लॅशचे झूम १०५ वर अडकलेले होते आणि छत्रीच्या मधोमध ताटाएवढे वर्तुळ तेवढे पेटत होते. बाकीचे कापड अंधारात होते. झूम २४ वर आणल्यावर सगळी छत्री भरली, सावल्या मऊ झाल्या आणि पॉवर नेहमीच्या जागी आली. तेव्हापासून छत्री लावली की एक फोटो मी छत्रीचाच काढतो.

## भर उन्हात

उन्हात क्रम तोच राहतो, पण वाव कमी मिळतो. स्वच्छ दुपारी आयएसओ १०० ला १/१०० आणि एफ/१६ हे सभोवतालचे एक्स्पोजर धरतात. सिंक स्पीडमुळे शटर १/२०० वर थांबते, त्यामुळे ॲपर्चर एफ/११ येते. आता फ्लॅशलाही एफ/११ गाठावे लागते. वरच्या ३६ नंबरच्या फ्लॅशला उघड्याने ते सव्वातीन मीटरवर जमते आणि दोन स्टॉप खाणाऱ्या सॉफ्टबॉक्समधून जेमतेम दीड मीटरवर, तेही पूर्ण पॉवरवर. त्यामुळे व्यक्तीला सावलीत उभे करावे किंवा सूर्य पाठीशी घ्यावा, म्हणजे फ्लॅशला उन्हाची बरोबरी न करता चेहऱ्यावरची सावली भरण्यापुरतेच काम उरते. आकाश गडद हवे म्हणून सभोवतालचा प्रकाश एक स्टॉप खाली घेण्याची पद्धत दिवस मावळताना सहज जमते. भर दुपारी एका स्पीडलाइटकडून तिची अपेक्षा करू नये.

पार्श्वभूमी धूसर करण्यासाठी एफ/४ हवे असेल तर दोन वाटा आहेत. एक हाय स्पीड सिंकची: शटर १/१६०० करायचे आणि फ्लॅश एका झळकेऐवजी पडद्यांची फट सरकेपर्यंत वेगाने लुकलुकत राहतो. त्यात बराच प्रकाश वाया जातो, साधारण दोन स्टॉप किंवा त्याहून अधिक, आणि इथे शटर आणखी वेगवान केले की फ्लॅशचा प्रकाशही कमी होतो. सुरुवातीची विभागणी या एका ठिकाणी लागू पडत नाही. दुसरी वाट लेन्सवर तीन स्टॉपचा एनडी फिल्टर (रंग न बदलता प्रकाश कमी करणारी काच) लावण्याची. शटर १/२०० वरच राहते, एफ/११ चे एफ/४ होते, आणि फिल्टरने घेतलेले तीन स्टॉप उघडलेल्या ॲपर्चरने परत मिळाल्यामुळे फ्लॅशची पॉवर एफ/११ ला लागत होती तितकीच लागते. एकच छोटा फ्लॅश असलेल्याने एनडीची वाट धरावी, असे माझे मत आहे.

## टीटीएल कधी वापरावे

टीटीएल म्हणजे ‘थ्रू द लेन्स’, लेन्समधून मोजमाप करणारी पद्धत. तिच्यात फोटोच्या आधी फ्लॅश एक छोटी झळक मारतो, कॅमेरा लेन्समधून परतलेला प्रकाश मोजतो आणि पॉवर स्वतः ठरवतो. फ्लॅश आणि विषय यांतले अंतर सतत बदलत असेल, तेव्हा याला पर्याय नाही. पण मोजमाप परतलेल्या प्रकाशाचे असते. काळा कोट घातलेल्या माणसाकडून कमी प्रकाश परततो, कॅमेरा पॉवर चढवतो आणि चेहरा जळतो. त्याच जागी पांढरा शर्ट घातलेला माणूस आला की पॉवर उतरते आणि चेहरा काळवंडतो. मॅन्युअलमध्ये अंतर तेच असेल तर दोन्ही चेहरे सारखे येतात. काही प्रणालींत टीटीएलने सापडलेली पॉवर मॅन्युअलमध्ये गोठवता येते. ती सोय असल्यास पहिला अंदाज टीटीएलकडून घ्यावा आणि पुढचे काम मॅन्युअलवर करावे.

फ्लॅश दुसऱ्या फ्लॅशच्या प्रकाशाने चालणाऱ्या स्लेव्ह मोडवर असेल, तर ही आधीची झळकच त्याला आदेश वाटते आणि तो लवकर उडून जातो. अशा फ्लॅशवर एस १ ऐवजी एस २ निवडले की तो पहिली झळक सोडून देतो.

## दुसरा फ्लॅश जोडताना

दुसरा फ्लॅश पहिला पूर्ण जमल्याशिवाय चालू करू नये. मुख्य फ्लॅश जमवून तो बंद करावा, दुसरा एकटाच लावून त्याचा फोटो पाहावा आणि मगच दोन्ही एकत्र उडवावेत. सावली भरण्यासाठी ठेवलेला फ्लॅश मुख्य फ्लॅशपेक्षा एक स्टॉप खाली असेल तर चेहरा मोकळा आणि सौम्य दिसतो. दोन-तीन स्टॉप खाली असेल तर आकार आणि गांभीर्य वाढते. केसांच्या कडेला मागून मारलेला प्रकाश चमकून परततो, त्यामुळे तो मुख्य फ्लॅशच्या बरोबरीचा किंवा त्याहून कमी ठेवला तरी पुरतो, आणि तो लेन्समध्ये थेट शिरणार नाही हे पाहावे लागते. ट्रिगरवर दोघांना ए आणि बी असे वेगळे गट दिले की जागेवरून न उठता एकेकाची पॉवर बदलता येते.

## फोटो सारखे येत नसतील तर

आकडे तेच असताना एखादा फोटो काळा आणि पुढचा नीट येत असेल, तर फ्लॅश भरण्यापूर्वीच शटर दाबले जात आहे. तयारीचा दिवा पाहून फोटो घ्यावा. काही फ्लॅशचा दिवा पूर्ण भरण्याच्या थोडा आधीच लागतो, म्हणून त्यानंतरही एक श्वास थांबावे. लागोपाठ पूर्ण पॉवरवर उडवल्यावर फ्लॅश मंदावला किंवा थांबला, तर तो तापला आहे आणि त्याला काही मिनिटे विश्रांती हवी. फ्लॅश अधूनमधून उडतच नसेल, तर ट्रिगरचे चॅनल, त्यातले सेल आणि कॅमेऱ्याच्या हॉट शूमध्ये (वरच्या फ्लॅशच्या खाचेत) ट्रिगर शेवटपर्यंत सरकला आहे का, या क्रमाने पाहावे. बहुतेकदा शेवटचेच कारण निघते. सेल निकेल मेटल हायड्राइडचे, एकाच वयाचे आणि एकत्र चार्ज केलेले असावेत, कारण चारांतला एक जुना असला तरी फ्लॅश त्याच्याच चालीने भरतो. चारचार सेलच्या जोड्यांवर अ, ब, क अशी अक्षरे लिहून ठेवली की त्यांची सरमिसळ होत नाही.